गाडी तापते आहे? थर्मोस्टॅट बदलण्याआधी आणि बदलताना

टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्याकडे सरकायला लागला की पहिला संशय थर्मोस्टॅटवर जातो. पार्ट लहान, काम सुटसुटीत, म्हणून तोच आधी बदलला जातो. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. नवा थर्मोस्टॅट बसवला, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) भरलं आणि आठवड्याभरात काटा पुन्हा वर. दोष निघाला रेडिएटरच्या झाकणात. त्याचं रबर कडक होऊन तडकलं होतं आणि ते दाब धरत नव्हतं. तेव्हापासून मी एक क्रम सोडत नाही: उष्णता नेमकी कुठे अडली आहे ते आधी शोधायचं, पाना नंतर उचलायचा. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे, त्यामुळे थर्मोस्टॅट प्रत्यक्ष खोलायची वेळ लेखाच्या अर्ध्यानंतर येते. मधला भाग गाळू नका.

बॉनेट उघडण्याआधी

तापलेल्या इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. यामागचं कारण समजून घेतलं तर घाईच्या क्षणीही हात आवरतो. कूलिंगची यंत्रणा बंदिस्त असते आणि झाकण तिच्यात साधारण ०.९ ते १.१ बार जादा दाब धरून ठेवतं. १ बार जादा दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. म्हणजे आत ११० अंशांचं द्रव शांत बसलेलं असू शकतं. झाकण फिरवताच दाब जातो आणि तेच द्रव वाफ होऊन हातातोंडावर उसळतं. जाड फडकं टाकून हळूच उघडायला सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. इंजिन बंद करून निदान तासभर, जमलं तर रात्रभर थांबा. रेडिएटरचा वरचा होज पाइप (जाड रबरी नळी) दाबल्यावर मऊ लागला, हाताला गरम लागला नाही, की मग झाकणाला हात लावा.

रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा काही गाड्यांत चावी बंद असतानाही अचानक सुरू होतो. पंख्याजवळ काम करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. गाडी उचलायची असेल तर फक्त जॅकवर विसंबून खाली शिरू नका, पक्के स्टँड लावा.

कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, चवीला मात्र गोडसर. कुत्र्या-मांजरांना आणि लहान मुलांना ते आवडू शकतं आणि थोडंसं पोटात गेलं तरी जीवावर बेतू शकतं. सांडलेलं लगेच पुसा, काढलेलं कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका आणि गटारात किंवा मातीत ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून वापरलेलं ऑइल जिथे घेतात तिथे चौकशी करून द्या.

थर्मोस्टॅट काय करतो

इंजिन थंड असताना कूलंटने रेडिएटरमध्ये जायचं नसतं, ते इंजिनातच फिरत राहून लवकर तापायचं असतं. तापलं की मग रेडिएटरची वाट मोकळी व्हायची. ही वाट उघडणारी झडप म्हणजे थर्मोस्टॅट. त्यात पितळेच्या छोट्या कुपीत एक खास मेण भरलेलं असतं. ठरलेल्या तापमानाला ते वितळून फुगतं, दांडा ढकलतं आणि झडप उघडते. थंड झालं की मेण आकसतं आणि स्प्रिंग झडप मिटवते. बहुतेक गाड्यांत या कामाला ना वायर लागते ना सेन्सर. मेणाची ही रचना सर्जियस व्हर्नेट यांनी १९३४ मध्ये शोधली आणि आजही ती जवळपास तशीच वापरात आहे.

थर्मोस्टॅटच्या कडेवर ८२, ८८ असा एखादा आकडा कोरलेला असतो. तो झडप उघडायला *सुरुवात* होण्याचं तापमान सांगतो. पूर्ण उघडायला त्याहून १० ते १५ अंश जास्त लागतात. त्यामुळे ८२ च्या थर्मोस्टॅटवर इंजिन ९० च्या आसपास चाललं तर त्यात बिघडलेलं काही नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याचा सल्ला अनेकजण देतात. तो मानू नका. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन योग्य तापमानापर्यंत पोचायला फार वेळ घेतं किंवा पोचतच नाही. मग ते जास्त पेट्रोल पितं, न जळलेलं इंधन ऑइलमध्ये उतरतं, ऑइलमध्ये गाळ साठतो आणि आतले भाग झिजतात. दुसरं नुकसान कमी लोकांना माहीत असतं. कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालच्या टोकाला आणखी एक चकती असते. मुख्य झडप उघडते तेव्हा ही चकती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो, बरंचसं गरम कूलंट रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं आणि गाडी आधीपेक्षा *जास्त* तापते.

गाडी कधी तापते ते आधी पाहा

हत्यारं काढण्याआधी दोन-तीन दिवस गाडी नुसती निरखा. तापण्याची वेळ निम्मं निदान करून देते.

ट्रॅफिकमध्ये, सिग्नलला उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की काटा खाली येतो? मग पंख्याकडे बघा. वेगात वारा आपोआप रेडिएटरमधून जातो, उभ्या गाडीला पंखाच हवा.

याच्या उलट, शहरात ठीक चालते पण वेगात किंवा चढावर तापते? मग कूलंटचा प्रवाह कमी पडतोय. रेडिएटर आतून चोंदला असेल, बाहेरून चिखल-किड्यांनी बुजला असेल, कूलंट फिरवणारा पंप दमला असेल किंवा थर्मोस्टॅट अर्धाच उघडत असेल.

गाडी सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच, कसंही चालवली तरी, काटा सरळ वर चढतो? बंद अडकलेल्या थर्मोस्टॅटचं हे ठळक लक्षण. पण कूलंट खूप कमी असेल तरी असंच दिसतं, म्हणून पातळी आधी तपासा.

आणि काटा वर येतच नसेल, अर्धा तास चालवूनही हीटरमधून कोमट हवा येत असेल, मायलेज पडलं असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे. अशा वेळी बऱ्याच गाड्यांत इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि स्कॅनर लावला की पी०१२८ हा कोड दिसतो. त्याचा अर्थ, कूलंट अपेक्षित तापमानाला वेळेत पोचलं नाही. गाडी तापत नाही म्हणून या बिघाडाकडे कुणी लक्ष देत नाही, पण कायम थंड चालणारं इंजिन हळूहळू झिजत असतं.

काट्याबद्दल थोडं. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत तो मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. खरं तापमान ८० असो की १००, काटा मधोमधच राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लागणारं लहान ब्लूटूथ स्कॅनर मिळालं तर मोबाइलवर कूलंटचं खरं तापमान अंशांत दिसतं. या सगळ्या कामात मला एकच वस्तू निवडायला सांगितली तर मी हीच निवडेन.

थंड इंजिनावरची तपासणी

सकाळी, रात्रभर गाडी उभी असताना सुरुवात करा. रिझर्व्ह टाकीतली पातळी खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये हवी. रेडिएटरला वेगळं झाकण असेल तर तेही उघडा. कूलंट अगदी गळ्यापर्यंत दिसलं पाहिजे. टाकी भरलेली आणि रेडिएटर मात्र रिकामा, असं पुष्कळदा सापडतं. थंड होताना यंत्रणेने टाकीतलं कूलंट परत ओढून घ्यायला हवं, ते झाकणाची आतली छोटी झडप बिघडल्यामुळे थांबलेलं असतं. रात्रभर उभ्या गाडीचा वरचा होज चपटा झालेला दिसला तरी संशय याच झडपेवर घ्या.

झाकणाचं रबर बोटाने चाचपा. चीर, कडकपणा, खोल उमटलेला ठसा यांतलं काहीही दिसलं तर झाकण बदला, आणि त्यावर लिहिलेला दाबाचा आकडा तोच ठेवा. जास्त दाबाचं झाकण लावून तापणं थांबत नाही, जुने पाइप आणि रेडिएटरचे सांधे मात्र फुटतात.

मग गळती. होजची टोकं, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीचा जोड आणि वॉटर पंपाखालचं बारीक भोक टॉर्चच्या उजेडात पाहा. वाळलेल्या कूलंटचा रंगीत पापुद्रा दिसला की गळतीची जागा सापडली. पंपाच्या भोकातून थेंब येत असतील तर आतलं सील गेलं आहे आणि पंपच बदलावा लागेल. पुष्कळ इंजिनांत पंप टायमिंग बेल्टवर चालतो. ते काम पहिल्यांदा स्वतः करू नका. बेल्टचा एखादा दाता चुकला तरी इंजिनाचं मोठं नुकसान होऊ शकतं.

इंजिन सुरू करून

रेडिएटरचं झाकण लावा, सैल बाह्या आणि ओढणी दूर ठेवा, आणि इंजिन न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून चालू द्या. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम. तो चकचकीत धातूवर खोटं, कमी तापमान दाखवतो, म्हणून नेम रबरी होजवर किंवा काळी टेप चिकटवून तिच्यावर धरा.

आता तुमच्या गाडीत थर्मोस्टॅट कुठे आहे ते कळायला हवं. जुन्या रचनेत तो वरच्या होजच्या टोकाला, म्हणजे इंजिनातून गरम कूलंट बाहेर पडतं तिथे असतो. नव्या बऱ्याच इंजिनांत तो खालच्या होजच्या टोकाला, पंपाच्या तोंडाशी असतो. वरच्या बाजूला असेल तर वरचा होज बराच वेळ थंड राहतो आणि झडप उघडली की एका मिनिटात चांगला तापतो. खालच्या बाजूला असेल तर वरचा होज आधीपासूनच हळूहळू तापत जातो, त्यावरून काही ठरवता येत नाही. अशा वेळी खालच्या होजकडे लक्ष ठेवा. तो थंडचा थंड राहिला आणि तिकडे इंजिन १०० च्या पुढे गेलं, तर झडप उघडत नाही. इथेच इंजिन बंद करा, आणखी वाट पाहायची गरज नाही.

उलट, सुरू केल्यापासून दोन्ही होज बरोबरीने, हळूहळू कोमट होत गेले, तर झडप उघडी अडकली आहे.

दोन्ही होज चांगले गरम झाले, तापमान तरी वाढतंच आहे, तर पंखा फिरतोय का पाहा. एसी लावला की बहुतेक गाड्यांत पंखा लगेच सुरू होतो. झाला, तर मोटर ठीक आहे आणि दोष तापमानाच्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये आहे. नाही झाला, तर आधी फ्यूज, मग रिले (पंख्याला वीज सोडणारा छोटा स्विच) तपासा. रिलेच्या डब्यात बहुधा त्याच नंबरचा दुसरा रिले असतो, तो अदलाबदल करून पाहिला की दोन मिनिटांत उत्तर मिळतं.

रेडिएटरच्या जाळीवर थर्मामीटर फिरवून बघा. कूलंट आत येतं त्या टोकाकडून बाहेर जातं त्या टोकाकडे तापमान सावकाश उतरत गेलं पाहिजे. मध्येच एखादा पट्टा एकदम थंड लागला तर तिथल्या नळ्या आतून बंद आहेत.

आणि हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मधलं सील. याचं नाव काढलं की लोक घाबरतात, म्हणून तपासायचंच टाळतात. थंड इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच, कूलंट अजून तापलेलंही नसताना, वरचा होज दगडासारखा कडक होत असेल. टाकीत सतत बुडबुडे येत असतील. गळती कुठेच नसताना कूलंट कमी होत असेल. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर थांबतच नसेल. किंवा ऑइलच्या झाकणाला आतून दुधी फेस दिसत असेल, तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतोय किंवा कूलंट ऑइलमध्ये. नुसता थोडासा फेस थंड हवेत आणि छोट्या फेऱ्यांमुळेही जमतो, त्यामुळे त्या एकाच खुणेवर निष्कर्ष काढू नका. टाकीच्या तोंडाशी धरायचं निळ्या द्रवाचं टेस्टर मिळतं. पेट्रोल गाडीत ते द्रव पिवळं पडलं तर गॅसकेट गेलं हे जवळपास नक्की. अशा गाडीत नवा थर्मोस्टॅट घालून काही साधणार नाही, ती थेट जाणत्या मेकॅनिककडे न्या.

सामान

तपासणीत थर्मोस्टॅट दोषी ठरला तर आता पुढची तयारी. नवा थर्मोस्टॅट त्याच तापमानाचा घ्या. कमी आकड्याचा लावला की गाडी थंड राहील हा समज चुकीचा आहे. आकडा फक्त झडप कधी उघडते ते ठरवतो, रेडिएटरची ताकद वाढवत नाही. नवं गॅसकेट किंवा रबरी रिंग घ्या, जुनी परत वापरू नका. काही गाड्यांत थर्मोस्टॅट आणि त्याचं प्लॅस्टिकचं घर एकच पार्ट असतो, तो पूर्ण बदलावा लागतो. काही थर्मोस्टॅटला विजेचा कनेक्टर असतो, संगणक मेणाला आतून तापवून झडप लवकर उघडतो. बदलण्याची पद्धत जवळपास तीच, फक्त कनेक्टरची क्लिप जपून काढा.

कूलंट मॅन्युअलमध्ये सांगितलेल्याच प्रकारचं हवं. रंगावर विश्वास ठेवू नका, एकाच रंगाची दोन कूलंटं रसायनाने पूर्ण वेगळी असू शकतात आणि चुकीच्या मिश्रणात गाळ किंवा जेलीसारखा थर बसू शकतो. बाटलीवर "तयार मिश्रण" आहे की "सांद्र" ते वाचा. सांद्र असेल तर निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी. हे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही, झाकणाच्या दाबाखाली त्याचा उत्कलनबिंदू १२५ अंशांच्या पुढे जातो, आणि गंजही थांबतो. नळाच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतात.

हत्यारांत १० आणि १२ मिलीमीटरच्या गोट्या (सॉकेट पाने), रॅचेट, लांब दांडी, पक्कड, प्लॅस्टिकची खरवडणी, पसरट भांडं, नरसाळं, हातमोजे आणि चष्मा. लिटरच्या खुणा असलेलं मापपात्र घ्याच, ते भरताना कामाला येईल.

खोलणं आणि बसवणं

गाडी सपाट जागी, इंजिन पूर्ण थंड. रेडिएटरचं झाकण काढा, खाली भांडं ठेवा, रेडिएटरच्या तळाचा प्लॅस्टिकचा नळ हलक्या हाताने सोडा. जुना नळ तुटतो असं वाटलं तर नाद सोडा आणि खालच्या होजची क्लिप सरकवून तिथून काढा. थर्मोस्टॅट वरच्या बाजूला असेल तर सगळं कूलंट काढायची गरज नाही, त्याच्या पातळीखाली उतरलं की पुरे. निघालेलं कूलंट मापून आकडा लिहून ठेवा. ते गढूळ किंवा गंजाच्या रंगाचं निघालं तर परत भरायचं नाही.

आता होज. स्प्रिंगची क्लिप पकडीने दाबून मागे सरकवा. होज थेट ओढू नका, आधी गोल फिरवून चिकटलेला सुटा करा. स्क्रू-ड्रायव्हर घुसवून उचकटलात तर प्लॅस्टिकचा नळकांडा तडकतो. अजिबात सुटत नसेल तर होज ब्लेडने लांबीत कापून नवा घाला. नळकांडं मोडण्यापेक्षा होज गेलेला परवडतो.

घराचे बोल्ट बहुधा दोन किंवा तीन असतात. सोडण्याआधी मोबाइलवर दोन फोटो काढा. बोल्टांची लांबी वेगवेगळी असेल तर कुठला कुठून निघाला ते पुठ्ठ्यावर भोकं पाडून त्यात खोचून ठेवा. ॲल्युमिनियममध्ये गंजून धरलेला बोल्ट जोर लावून फिरवू नका. गंज सोडवणारं तेल मारा, थांबा, थोडा आवळा, थोडा सोडा, असं पुढेमागे करत काढा. इथे घालवलेली पंधरा मिनिटं तुटलेला बोल्ट ड्रिल करून काढण्याचा दिवसभराचा त्रास वाचवतात.

घर निघालं की जुना थर्मोस्टॅट काढण्याआधी थांबून बघा: स्प्रिंग कोणत्या बाजूला, छोटी हलणारी पिन कुठे. हे फोटोत हवंच. सर्वसाधारण नियम असा की मेणाची कुपी आणि स्प्रिंग इंजिनाच्या बाजूला, गरम कूलंट लागेल अशी बसते. उलटा बसवलेला थर्मोस्टॅट वेळेवर उघडत नाही आणि नवीन पार्ट असूनही गाडी तापते. हलणारी पिन, असलीच तर, सर्वात वरच्या जागी हवी. भरताना अडकलेली हवा तिथूनच वर निसटते.

दोन्ही पृष्ठभाग प्लॅस्टिकच्या खरवडणीने स्वच्छ करा. लोखंडी पातं वापरलं तर ॲल्युमिनियमवर ओरखडे उठतात आणि तिथूनच पुढे गळतं. कचरा इंजिनात पडू नये म्हणून तोंडात फडकं कोंबा आणि ते काढायला विसरू नका. रबरी रिंग असेल तर तिला थोडं कूलंट लावा, सीलंट लावू नका. कागदी गॅसकेट असेल तर मॅन्युअल सांगेल तसं.

नवा थर्मोस्टॅट, पुढे दिलेली पातेल्यातली चाचणी आधी करून, जुन्याच्याच दिशेने ठेवा. घर बसवून सगळे बोल्ट आधी बोटांनी फिरवा, मग आलटून-पालटून थोडे थोडे आवळा. ६ मिलीमीटरच्या बोल्टांना साधारण १० न्यूटन-मीटर पुरतं, म्हणजे लहान रॅचेटने मनगटाच्या जोरावर. अचूक आकडा तुमच्या मॅन्युअलमधला घ्या. इथे जास्त ताकद लावली की आटे जातात किंवा घर तडकतं.

पातेल्यातली चाचणी

हे मी दरवेळी करतो, नव्या पार्टवरसुद्धा, आणि बसवण्याआधी. स्वयंपाकात न वापरायच्या जुन्या पातेल्यात थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगा, तळाला टेकू देऊ नका, तळ पाण्याहून जास्त तापलेला असतो. झडपेच्या फटीत दोरा अडकवून टांगलात तर आणखी छान: झडप उघडली की थर्मोस्टॅट दोऱ्यावरून सुटून खाली पडतो आणि नेमका क्षण कळतो. पाण्यात थर्मामीटर धरून सावकाश तापवा. कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश आसपास हालचाल सुरू झाली पाहिजे, आणि पाणी उकळायला आलं की झडप पुष्कळ उघडलेली दिसली पाहिजे, बऱ्याच थर्मोस्टॅटमध्ये ८ मिलीमीटर किंवा जास्त. मग बाहेर काढून थंड होऊ द्या, ती पूर्ण मिटायला हवी. १०० अंशांच्या पुढे उघडणारे विजेचे थर्मोस्टॅट मात्र या पद्धतीने तपासता येत नाहीत.

जुन्याचीही चाचणी घ्या. तो नीट उघडला-मिटला तर दोष दुसरीकडे आहे आणि शोध अजून संपलेला नाही.

भरणं आणि हवा काढणं

थर्मोस्टॅट बदलल्यावर गाडी पुन्हा तापते तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच असतं: आत हवा राहिलेली असते. हवेचा फुगा थर्मोस्टॅटच्या कुपीभोवती अडकला की मेणाला गरम कूलंट लागतच नाही, झडप उघडत नाही. तोच फुगा सेन्सरपाशी असेल तर काटा खोटं सांगतो.

गाडीचं नाक थोडं वर केलं तर हवा रेडिएटरच्या तोंडाकडे येते. हवा सोडण्याचा स्क्रू असेल तर तो उघडा. हीटरचं तापमान पूर्ण गरमवर, पंखा कमी वेगावर. नरसाळ्यातून कूलंट अगदी बारीक धारेने ओता. मध्ये मध्ये थांबून वरचा होज हाताने दाबा-सोडा, बुडबुडे येताना ऐकू येतील. स्क्रूमधून हवा थांबून अखंड धार आली की तो बंद करा.

आता लिहून ठेवलेला आकडा बघा. ३ लिटर निघालं होतं आणि सव्वादोनच गेलं असेल, तर पाऊण लिटर हवा अजून आत आहे.

झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करा आणि तोंड दूर ठेवा. पातळी खाली जाईल, भरत राहा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम घसरते आणि होज गरम होतो. हा क्षण पाहिला की नवा पार्ट काम करतोय हे कळतं. लगेच पातळी भरा, कूलंट फुगून वर यायला लागलं की झाकण लावा. मग पंखा दोनदा आपोआप सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू द्या. हीटरमधून सलग गरम हवा यायला हवी. उभ्या इंजिनात थंड आणि ॲक्सिलरेटर दाबला की गरम, असं होत असेल तर हवा अजून आहे किंवा पंप कमजोर आहे. काही गाड्यांत यंत्रणा निर्वात करूनच भरावी लागते. मॅन्युअल तसं सांगत असेल तर एवढंच काम गॅरेजमध्ये करून घ्या.

गळती बंद करणारी पावडर किंवा द्रव यात घालू नका. ते भोक बुजवतं तसंच हीटरच्या बारीक नळ्याही बुजवतं.

रस्त्यात काटा चढला तर

एसी बंद, हीटर पूर्ण गरम आणि पंखा जोरात. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच, तो इंजिनातली थोडी उष्णता बाहेर खेचतो. सुरक्षित जागा मिळताच थांबा आणि इंजिन बंद करा. "अजून दोनच किलोमीटर" म्हणून पुढे जाऊ नका, हेड वाकायला तेवढं पुरतं. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका, रेडिएटरमध्येही नको. धातू एकदम आकसून तडा जातो. पूर्ण थंड झाल्यावर, झाकण उघडता येईल तेव्हाच, पातळी बघून भरा. डिस्टिल्ड नसेल तर पिण्याचं पाणीही चालेल, फक्त घरी पोचल्यावर ते काढून योग्य मिश्रण भरा.

पहिला आठवडा

दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड इंजिनावर, रेडिएटर आणि टाकी दोन्ही उघडून पातळी बघा. रात्रीत उरलेली हवा वर येते आणि थोडं कमी झालेलं असतं, तेवढं भरा. पहिली फेरी घराच्या जवळपास, वीस-पंचवीस मिनिटांची, भरायला कूलंट सोबत घेऊन. स्कॅनर असेल तर दोन आकडे टिपा: मोकळ्या रस्त्यावर तापमान कुठे स्थिरावतं आणि उभ्या गाडीत पंखा किती अंशांना सुरू होतो. घरी आल्यावर बोल्टांपाशी आणि होजच्या टोकाला कोरडा टिश्यू पेपर फिरवा, बारीक ओल डोळ्यांना दिसत नाही पण कागदावर उमटते. आठवडाभर रोज सकाळी पातळीच्या जागी मार्करची रेघ ओढा. पहिले दोन दिवस रेघ थोडी खाली सरकली तर ती हवाच असते. चौथ्या-पाचव्या दिवशीही सरकत असेल तर गळती शोधायला लागा, आणि बाहेर कुठेच ओल सापडली नाही तर निळ्या द्रवाचं टेस्टर घेऊन हेड गॅसकेट तपासा.